प्रसूतिगृहाच्या भिंतीवरचा दाखला : तो वाचायचा कसा?



पूर्वी आपल्या भागात बाळंतपण घरातच व्हायचं. गावची सुईण, बाजेखाली शेगडी आणि बाकी सगळा देवावर हवाला. तो जमाना आता गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसून आले. त्याचा गुणही दिसतो. २००४-०६ या काळात आपल्या राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा त्या वेळी ९७ होता.

म्हणजे 'बाई, दवाखान्यात चल' हे आता कुणाला सांगावे लागत नाही. आता प्रश्न उरतो तो 'कोणत्या दवाखान्यात?' हा. आणि तिथे आपली मंडळी काय करतात? शेजाऱ्याची सून कुठे गेली होती, डॉक्टर ओळखीचे आहेत का, बिल किती येतं, एवढं विचारतात आणि मोकळे होतात. त्या घरावर सरकारची देखरेख आहे की नाही, असल्यास कोणाची, आणि त्या देखरेखीत आपला वाटा कोणता, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

कायदा जुना, पण आपल्यापर्यंत उशिरा आला

खाजगी प्रसूतिगृहावर देखरेख ठेवणारा मुख्य कायदा १९४९ सालचा आहे. तेव्हा त्याचे नाव मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम असे होते. पुढे नावातला 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आला. प्रसूतिगृहाची व्याख्या या कायद्यात सरळ आहे. गरोदर बाई, कळा लागलेली बाई किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई जिथे दाखल करून घेतात ती जागा म्हणजे प्रसूतिगृह. मग ती चार मजली इमारत असो की डॉक्टरांच्या घराखालच्या तीन खोल्या असोत.

बरीच वर्षे हा कायदा शहरांपुरताच राहिला. २००५ मधील दुरुस्तीनंतर तो सर्व राज्याला लागू झाला. म्हणजे तालुक्याच्या गावातला, बाजारपेठेतला, फाट्यावरचा खाजगी दवाखानाही त्यात आला. सरकारी दवाखान्यांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांची गोष्ट पुढे येईल.

कायद्याचे मुख्य म्हणणे असे : नोंदणी केल्याशिवाय प्रसूतिगृह चालवायचे नाही. नोंदणी करणारा अधिकारी म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. महानगरपालिकेच्या हद्दीत हे काम पालिकेचा आरोग्य विभाग करतो. जागा, माणसे आणि साधने त्या कामाला योग्य नसतील तर नोंदणी नाकारता येते. प्रसूतिगृहासाठी एक खास अट आहे, ती बायाबापड्यांनी नीट लक्षात ठेवावी. तिथे प्रसूतीचे रीतसर शिक्षण घेतलेली परिचारिका नेमलेली असली पाहिजे. पांढरा कोट घातलेली, चार वर्षे हाताखाली राहून शिकलेली मुलगी या अटीत बसत नाही.

नोंदणीचा दाखला तीन वर्षांपुरता असतो, नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. आणि तो कपाटात ठेवायचा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भिंतीवर लावायचा, असे कायदाच सांगतो. हे कलम आपल्यासाठी आहे. अधिकाऱ्याला भिंतीवर बघण्याची गरज नाही, त्याच्या कचेरीत नोंद असतेच.

भिंतीवर फ्रेमा पुष्कळ, पण प्रत्येकीचा अर्थ वेगळा

दवाखान्यात गेलं की भिंतीवर चार-पाच फ्रेमा दिसतात आणि आपण समजतो, सगळं सरकारमान्य आहे. पण प्रत्येक कागद निराळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

वैद्यक परिषदेचा नोंदणी कागद सांगतो की हा माणूस खरोखर डॉक्टर आहे. सोनोग्राफीचा दाखला १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालचा असतो. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी त्याच कायद्यामुळे लागते. गर्भपात केंद्राची मान्यता १९७१ च्या कायद्याखाली मिळते. यांपैकी एकही कागद 'इथे बाळंतपण करण्याची नोंदणी आहे' असे सांगत नाही. ते फक्त शुश्रूषागृह नोंदणीचा दाखला सांगतो. तेव्हा फ्रेमा मोजत बसू नका, त्यांतली ही नेमकी फ्रेम शोधा. नाव कोणाचे, पत्ता हाच का, खाटा किती, मुदत कधी संपते, हे वाचा. मुदत संपलेली असेल तर 'नूतनीकरणाचा अर्ज केला आहे का?' असे शांतपणे विचारा. विचारण्यात कसला अपमान नाही.

शिक्का आणि काटा

आता कोणी म्हणेल, सरकारने तपासून दाखला दिला, मग आम्ही कशाला डोके घालायचे?

आपल्या वजनकाट्याचे बघा. दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाचा निरीक्षक येतो, काटा पडताळतो, शिक्का मारतो. म्हणून आपण गाडी काट्यावर घालून पाठ फिरवतो काय? नाही. आकडा बघतो, पावती घेतो, शंका आली तर बोलतो. शिक्का त्या दिवसाचा असतो, वजन आजच्या गाडीचे असते. प्रसूतिगृहाच्या दाखल्याचेही असेच आहे. तपासणीच्या दिवशी प्रशिक्षित परिचारिका होती, ऑक्सिजन होता, फ्रीज चालू होता. आपली लेक रात्री दोन वाजता जाईल तेव्हा ते सगळे असेलच असे दाखला म्हणत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट आहे. कायद्याने अधिकाऱ्याला योग्य वेळी आत जाऊन जागा आणि ठेवायच्या नोंदी तपासण्याचा अधिकार दिला आहे. नोंदणी नसलेली जागा प्रसूतिगृह म्हणून वापरली जाते असा सबळ संशय असेल तर तिथेही त्याला जाता येते. पण १९४९ च्या मूळ कलमातच असेही लिहिले आहे की, एखाद्या रुग्णाचे वैद्यकीय कागद बघण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. रुग्णाची खाजगी बाब जपण्यासाठी ते ठीकच आहे. पण त्यामुळे ही तपासणी मुख्यतः घराची होते. त्या घरात एखाद्या बाईवर उपचार कसे झाले याची होत नाही. ही उणीव दुसरीकडून भरून काढावी लागते.

दोन तासांचा हिशेब

बाळंतपणात माता का दगावते हे कळले म्हणजे काय बघायचे तेही कळते. मोठे कारण म्हणजे बाळ जन्मल्यानंतरचा रक्तस्राव. धडधाकट बाईसुद्धा उपचार न मिळाल्यास दोन तासांत हातची जाऊ शकते. ॲनिमिया असलेल्या बाईला तेवढाही वेळ मिळत नाही, आणि आपल्याकडे अंगात रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ आहेत.

हा रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यासाठी काही लोक चोरून टोचतात, तेच हे औषध. गोठ्यात त्याचा गैरवापर होतो, पण प्रसूतिगृहात ते जीव वाचवते. मात्र त्याला थंडावा लागतो, २ ते ८ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात वीज गेली, फ्रीज बंद पडला, तर बाटलीवरचे नाव तेच राहते आणि आतला गुण ओसरतो. म्हणून 'लाइट गेल्यावर फ्रीजला इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का?' हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

याच इंजेक्शनाबद्दल एक इशारा. घरी येऊन 'कळा वाढवायचं इंजेक्शन' देणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. बाळ जन्मण्याआधी अंदाजाने दिलेल्या या औषधाने गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. दवाखान्यात ते मोजून, सलाइनमधून, बाळाचे ठोके बघत देतात. ते घरी करायचे काम नव्हे.

आग आणि कचरा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ बाळांना वाचवता आले. ही घटना आपण विसरता कामा नये. आईच्या कुशीत नसलेले, काचेच्या पेटीतले बाळ स्वतः उठून पळू शकत नाही.

राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ सालचा आहे. इमारतीतील आग विझवण्याची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सादर करण्याची जबाबदारी मालकावर किंवा ताबेदारावर आहे. आपण काय बघायचं? लाल नळकांड्यावर पुन्हा भरण्याची तारीख लिहिलेली असते, ती. आणि दुसरा जिना मोकळा आहे की तिथे मोडक्या खाटा रचल्या आहेत, ते.

कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. वार आणि रक्ताने माखलेला कापूस-कापड पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. त्याची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. दवाखान्यामागच्या ओढ्यात सुया आणि सलाइनच्या बाटल्या दिसल्या तर आत हातमोजे आणि अवजारे कशी हाताळत असतील, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

सरकारी दवाखान्यावर कोण लक्ष ठेवतो?

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल ही सरकारची स्वतःची घरे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आणला. त्यात प्रसूतिकक्ष आणि शस्त्रक्रियागृह यांना बाहेरचे तपासनीस गुण देतात. ७० च्या वर गुण मिळाले तर रौप्य, ८० च्या वर सुवर्ण, ९० च्या वर प्लॅटिनम असा दर्जा ठरतो. खाजगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने 'मान्यता' नावाचे १६ निकष ठरवले आहेत. ते घेणे डॉक्टरांच्या खुशीवर आहे. पण ज्याने खुशीने तपासून घेतले त्याच्याविषयी विश्वास वाढतो, हे खरे.

सरकारी ठिकाणी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण मोफत आहे. त्यात सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन हे सर्व आले. १०२ आणि १०८ हे गाडीचे नंबर घरच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि घराची तपासणी होते, उपचारांची होत नाही, ही जी उणीव वर सांगितली, ती काही अंशी भरून काढणारी व्यवस्था म्हणजे मातामृत्यू अन्वेषण. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत झालेला प्रत्येक मातेचा मृत्यू, सरकारी दवाखान्यात असो, खाजगीत असो की वाटेत असो, कळवला गेला पाहिजे आणि तो का झाला याची चौकशी झाली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या आढावा बैठकीत मृत बाईच्या नातेवाइकांना बोलावण्याचीही तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. ही बैठक कोणाला शिक्षा देण्यासाठी नसते. उशीर नेमका कुठे झाला हे शोधण्यासाठी असते : घरातून निघायला, गाडी मिळायला की दवाखान्यात उपचार सुरू व्हायला. असा प्रसंग कोणावर येऊ नये. पण आलाच तर 'झालं ते झालं, आता कशाला' असे म्हणून गप्प बसू नये. त्या घरातल्या माणसांनी सांगितलेली हकीकत पुढच्या बाईच्या उपयोगी पडते.

फडातल्या बायांचं काय?

हा विषय आपल्या कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून स्पष्ट बोलतो. हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीला जी जोडपी येतात त्यांत गरोदर बाया असतात. त्यांचे कार्ड गावाकडे, त्यांची आशाताई गावाकडे, आणि कळा मात्र आपल्या फडात. अशी बाई कुठल्यातरी जवळच्या दारात नेली जाते, कारण चौकशी करायला तिला माणूसच नसते.

देखरेख नसली म्हणजे काय होते ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रिया प्रसूतिगृहाच्याच नोंदणीखाली चालणाऱ्या दवाखान्यांत होतात, आणि दाखला भिंतीवर होता म्हणून हे थांबले नाही.

तेव्हा सभासदाला आमची विनंती : आपल्या फडावर टोळी आली की त्यात गरोदर बाई आहे का ते मुकादमाला विचारा आणि गावच्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. एक फोन पुरतो. तिच्या नावाचे कार्ड इथेही चालते.

सातव्या महिन्यात विचारायचे प्रश्न

कळा सुरू झाल्यावर कोणी चौकशी करत नाही, तेव्हा मिळेल ती गाडी आणि दिसेल ते दार. चौकशी करायची ती सातव्या महिन्यात. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, तेव्हा ही चौकशी माहेरच्या माणसांनी करावी आणि सासरच्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड व सगळे तपासणीचे कागद तिच्याबरोबर द्यावेत. डोहाळजेवणाच्या ओटीत नारळाबरोबर हे कागदही असू द्यात!

१. शुश्रूषागृह नोंदणीचा दाखला भिंतीवर आहे का, मुदतीत आहे का?

२. रात्री प्रसूतीचे शिक्षण घेतलेली परिचारिका हजर असते का? डॉक्टर तिथेच राहतात की बोलवावे लागतात?

३. सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कुठून येतात, किती वेळात?

४. रक्त कोणत्या रक्तपेढीतून येते, तिथे जायला-यायला किती वेळ लागतो? आपल्या घरातले दोन रक्तदाते आधीच सांगून ठेवावेत.

५. वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे?

६. बाळ रडलं नाही तर त्याच्याकडे कोण बघतो?

७. आवाक्याबाहेर गेलं तर पुढे कुठे पाठवतात, आणि कशातून?

सातव्या प्रश्नाला 'आमच्याकडे तशी वेळच येत नाही' असे उत्तर मिळाले तर दुसरा दवाखाना बघावा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. त्याच्याकडे फोननंबर आणि गाडी तयार असते.

तक्रार कोठे करावी?

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने शुश्रूषागृहाचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री नंबर असला पाहिजे. तेव्हा पहिली तक्रार लेखी, तारखेसह, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाकडे द्यावी आणि पोच घ्यावी. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल वैद्यक परिषदेकडे दाद मागता येते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. उपचारांच्या कागदांची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. ती आधी मागून घ्यावी.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. काच फोडून, डॉक्टरला मारहाण करून काही साध्य होत नाही. पुरावा नाहीसा होतो, आपल्यावरच गुन्हा दाखल होतो, आणि अडलेली बाई घेण्याची हिंमत त्या भागातला दुसरा डॉक्टर करत नाही. 'पुढे न्या' हे वाक्य मग आपल्याच पुढच्या सुनेला ऐकावे लागते.

सरकारचा अधिकारी काही वर्षांतून एखाददुसऱ्यांदा त्या दारातून आत जातो. आपली माणसे रोज जातात. कायद्याने दाखला भिंतीवर लावायला सांगितला तो आपण वाचावा म्हणूनच. हा अंक वाचून झाल्यावर कोनाड्यात टाकू नये. घरात लेक किंवा सून पोटुशी असेल तिच्या हाती द्यावा, आणि सात प्रश्नांचा भाग कापून तिच्या कार्डात ठेवावा.